दोन कन्या

तवसाळकर कुलवृत्तांताचं वजन दोन किलो तीनशे ग्रॅम. शिरीष तवसाळकरांनी ते वाण्याच्या काट्यावर करून घेतलं होतं. पाहुण्याच्या हातात ग्रंथ देताना "जपून हं, जड आहे" असं ते अशा मायेनं म्हणत की पाहुण्याला वाटावं, आपल्या मांडीवर तान्हं मूल ठेवलंय. चौतीस वर्षं मोजणी खात्यात लोकांच्या बांधांची भांडणं मिटवली, आणि निवृत्त झाल्यावर दहा वर्षं स्वतःच्या कुळाची मोजणी केली. चौदा पिढ्या, अठराशे बेचाळीस पुरुष, प्रत्येकाचं जन्मगाव, शिक्षण, हुद्दा आणि जिथं हुद्दा नव्हता तिथं 'शांत स्वभावाचे'. नातेवाइकांनी प्रती घेतल्या, दिवाणखान्यात ठेवल्या आणि आपलं स्वतःचं पान सोडून एकही पान उघडलं नाही.

त्यामुळे दोन हजार सत्तेचाळीस सालच्या पुरानंतर आठव्या दिवशी, बुधवारी सकाळी, डॉ. नाझनीन परकार गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेल्या गमबुटांनी दारात उभी राहून "काका, तुमचं पुस्तक हवंय" म्हणाली, तेव्हा शिरीषरावांना भरून आलं. वाशिष्ठीच्या पुरानं चिपळूणची अर्धी बाजारपेठ धुऊन नेली होती, पण त्यांना एक वाचक आणून दिला होता.

"घराण्याची कुठली पाती बघायचीय? थोरली की धाकटी?" त्यांनी चष्मा पुसला.

"पाती नको. बायका हव्यात."

"म्हणजे?"

"तुमच्या घराण्यातून लग्न होऊन गेलेल्या मुली. मग त्यांच्या मुली, त्या मुलींच्या मुली. अशी आजपर्यंतची यादी."

स्वयंपाकघराच्या दारात वीणाताई, म्हणजे शिरीषरावांच्या सौभाग्यवती, पदराला हात पुसत उभ्या होत्या. त्यांना हसू आवरेना. "बस गं नाझनीन. चहा टाकते. यादी मिळेस्तोवर दोनदा होईल."

नाझनीन हसली नाही. ही मुलगी वीणाताईंच्या डोळ्यांसमोर वाढलेली, एरवी चेष्टेला चेष्टेनं उत्तर देणारी. ती हसली नाही तशी वीणाताईंनी चहाचं पातेलं खाली ठेवलं.

गोष्ट अशी होती. पूर ओसरला की चिखलातून लेप्टोचा ताप येतो, हे चिपळूणच्या पोरांनाही ठाऊक. पूर्वी तो साध्या गोळ्यांनी जात असे. पण दहा-बारा वर्षांत जंतूंनी एकेक औषध पचवलं, आणि यंदाच्या लेप्टोपुढे फक्त एकच उरलं होतं : अकेंद्रिन. नवंकोरं, एका इंजेक्शनात काम फत्ते. चिखलात उतरणाऱ्या प्रत्येकाला ते आगाऊच द्यायचं ठरलं. पहिली तुकडी गुरुवारी, दुसरी सोमवारी, साठीवरची मंडळी पुढच्या आठवड्यात.

"गुरुवारच्या तुकडीतले सहा जण शनिवारी बहिरे झाले," नाझनीन म्हणाली. "आम्हाला वाटलं, कानात घाण पाणी गेलं. सोमवारी दुपारी त्यातल्या दोघांचं हृदय थांबलं. काल रात्री तपासणीचा अहवाल आला."

"औषध भेसळीचं?"

"औषध चोख आहे. तोच तर घोटाळा आहे." तिनं टेबलावरच्या वर्तमानपत्राच्या कडेला दोन गोल काढले. "काका, जगात पेशी दोनच जातींच्या. ही आदिकेंद्रकी, म्हणजे जंतूची. एका खोलीचं झोपडं. आत गुणसूत्राचा एक वेटोळा धागा, तोही उघड्यावर पडलेला. ना कपाट, ना आतल्या भिंती. आणि ही दृश्यकेंद्रकी. आपली, झाडाची, भूछत्राचीसुद्धा. मोठं घर. गुणसूत्रं केंद्रकात कडीकुलपात, प्रत्येक कामाला वेगळी खोली. दोन्ही घरांत प्रथिनं बनवणारी यंत्रं असतात, रायबोसोम म्हणतात त्यांना. पण जंतूचं यंत्र लहान, आपलं मोठं. अकेंद्रिन नेमकं त्या लहान यंत्राच्या दातांत अडकतं. जंतू मरतो, आपल्याला धक्का लागत नाही. म्हणून तर अख्ख्या गावाला द्यायची हिंमत केली."

"मग ह्या सहांच्यात जंतूची यंत्रं कुठून आली?"

"ती सगळ्यांच्यात आहेत, तुमच्यातही." तिनं मोठ्या गोलात चारपाच लांबट ठिपके काढले. "ह्या तंतुकणिका. कोट्यवधी वर्षांपूर्वी एका मोठ्या पेशीनं एक जंतू गिळला, तो पचला नाही. आतच राहिला, घरासाठी ऊर्जा तयार करायला लागला. आज त्याच्यावाचून आपण चार मिनिटं जगणार नाही. पण स्वतःचा वेटोळा धागा आणि स्वतःची जुन्या वळणाची यंत्रं त्यानं अजून सोडलेली नाहीत."

"म्हणजे सूनच की गं!" वीणाताई म्हणाल्या. "दुसऱ्या घरातनं आली, चूल पेटती ठेवली, आणि माहेरचे कागद तेवढे ट्रंकेच्या तळाशी."

"अगदी तसंच, काकू. आणि ही सून फक्त आईकडून मुलांकडे जाते. मुलगे घेतात, पण पुढे देत नाहीत. बापाकडून तिथं काही म्हणजे काही येत नाही."

अठराशे बेचाळीस पुरुषांच्या वतीनं शिरीषरावांना उगाचच अपमान झाल्यासारखं वाटलं.

बहुतेकांच्या तंतुकणिकांमधली यंत्रं काळाच्या ओघात इतकी बदलली आहेत की अकेंद्रिन त्यांच्या दातांत अडकत नाही, नाझनीन सांगत होती. क्वचित एखाद्या आईच्या वंशात त्या वेटोळ्या धाग्यावरचं एक अक्षर उलटं फिरतं, आणि यंत्र पुन्हा जंतूसारखं होतं. अशी तीन अक्षरं शास्त्राला माहीत होती, ती तपासूनच औषध आलं. हे चौथं निघालं. मग औषध जंतूबरोबर पेशीतली चूलही विझवतं. कानातल्या बारीक पेशींना ऊर्जेची भूक फार, म्हणून आधी कान जातात. त्यांच्यामागून हृदय.

"सहा जणांची आडनावं सहा. एकमेकांना ओळखतही नाहीत. पण अक्षर एकच आहे, म्हणजे मूळ बाई एकच. रात्रभर घरोघरच्या म्हाताऱ्यांना विचारत गेले. सगळ्या वाटा तवसाळला, गणेश विश्वनाथांच्या घराशी येतात. साधारण अठराशे नव्वदच्या आसपास."

शिरीषरावांनी ग्रंथ उघडला. बोट न अडखळता दोनशे अकराव्या पानावर गेलं. गणेश विश्वनाथ. यांस चार पुत्र व दोन कन्या. चार पुत्रांना पुढची साडेपाच पानं दिली होती. थोरल्यानं बोटीवरून कोल्हा पाहिला होता, त्याचीसुद्धा नोंद होती.

"कन्यांची नावं?"

"मिळाली नाहीत," शिरीषराव म्हणाले.

"विचारली नाहीत," वीणाताई म्हणाल्या.

नाझनीननं कागद काढून रेघा जुळवल्या. सहापैकी चौघांची खापरपणजी दापोलीकडे दिलेली, दोघांची राजापूरला. "म्हणजे ह्याच त्या दोन कन्या. बरं झालं. दोन वंश धुंडाळायचे म्हणजे काम आटोक्यातलं आहे." आठ दिवसांत पहिल्यांदाच तिनं पाठ खुर्चीला टेकली.

तेवढ्यात वीणाताईंचा फोन वाजला. गौरी, त्यांची लेक. जुईचा ताप कालपासून उतरत नव्हता. अहवाल आला होता. लेप्टो.

*

गौरी ज्या शाळेची मुख्याध्यापिका, तिथंच पूरग्रस्तांची छावणी होती आणि तिथंच तात्पुरतं रुग्णालय. पाचवीच्या वर्गात बाकं भिंतीला लावून आठ खाटा मांडल्या होत्या. चौथ्या खाटेवर नऊ वर्षांची जुई पडली होती. डोळे हळद लावल्यासारखे पिवळे, पण तोंड चालू.

"आजोबा, आज मला आईच्या वर्गात झोपून राहिलं तरी कोणी ओरडत नाहीये."

"मी ओरडते, थांब," गौरी म्हणाली. नवऱ्याला तिनं कळवलं होतं, पण तो दरडीमुळे घाटापलीकडे अडकलेला. आठ दिवस ती चिखलातच होती, आवाज बसलेला, केसांत गाळ वाळलेला.

नाझनीननं जुईचं पोट दाबून पाहिलं, लघवीचा तक्ता पाहिला आणि गौरीला खिडकीशी नेलं. शिरीषराव आणि वीणाताई आपोआप मागे गेले.

"मूत्रपिंडावर आलंय. आज पाचच्या आत अकेंद्रिन द्यायला हवं. नंतर देऊन उपयोग नाही." ती वीणाताईंकडे वळली. "काकू, तुमची आईकडची साखळी सांगा. जेवढी आठवते तेवढी."

"आठवायचंय काय त्यात? बाळंतपणं मोजायची." वीणाताईंनी बोटं धरली. "पहिलटकरीण माहेरी जाते. गौरी झाली पालशेतला, माझ्या आईकडे. मी झाले वेळंबला, आईच्या आईकडे. आई, कुमुद, झाली अडूरला. तिची आई यमुना, ती हेदवीला. यमुनाची आई अंबू, ती..." अंगठ्याशी येऊन त्या थबकल्या. "ती तवसाळला."

चाळीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट दोघांनाही ठाऊक होती. लग्न ठरताना कोणीतरी म्हणालंही होतं, मुलीकडची एक आजी तुमच्याच गावची. शिरीषरावांच्या वडिलांनी पिढ्या मोजून, सापिंड्य लागत नाही म्हणून मान डोलावली होती आणि विषय संपला होता.

"अंबूची आई तवसाळच्या कुठल्या घरची?" नाझनीननं विचारलं.

"ते नाही बाई ठाऊक. आम्ही तिला तवसाळची आजी म्हणायचो, बस."

"काका, तवसाळात तुमची घरं किती होती तेव्हा?"

"चार."

नाझनीननं कपाळावरचा घाम पुसला आणि तिचा चेहरा निवळला. "मग चिंता नको. गणेश विश्वनाथांना मुली दोनच, आणि दोन्ही सापडल्या आहेत. एक दापोलीला, एक राजापूरला. काकूंची आजी उरलेल्या तीन घरांतली. जुईला द्यायला हरकत नाही." ती खोक्यातून कुपी काढायला वळलीसुद्धा. "देवासारखं धावून आलं हो तुमचं पुस्तक."

गौरीनं डोळे मिटून श्वास सोडला. वीणाताईंनी नवऱ्याकडे कौतुकानं पाहिलं. चाळीस वर्षांत असं पाहणं किती वेळा झालं, ते एका हाताच्या बोटांवर मोजता आलं असतं.

शिरीषरावांनी मात्र ती नजर चुकवली.

त्यांना तो कागद दिसत होता. तवसाळच्या देवळातल्या जुन्या वहीतलं पान, वाळवीनं चाळण केलेलं. 'गणेश यांस चार पुत्र व', मग बोटाएवढं भोक, आणि मग 'कन्या'. ग्रंथ छापायला जायची घाई होती. एक लिहिलं तर ओकंबोकं दिसत होतं, तीन म्हटलं तर फारच. चार पुत्र व दोन कन्या. वाचायला कसं ठाकठीक वाटतं. कन्या कोण मोजायला येतंय?

आता मोजायला आलं होतं.

गप्प राहिलं तर काय होईल, हेही त्यांच्या मनानं लगोलग मांडून दाखवलं. कदाचित दोनच असतील. कदाचित काहीही होणार नाही. पोरगी बरी होईल, पुस्तकाचं नाव होईल. नाझनीननं कुपीचं टोक मोडलं.

"थांब," शिरीषराव म्हणाले. "थांब गं. ते दोन मी घातलंय."

"घातलंय म्हणजे?"

"कागदाला भोक होतं. आकडा दिसत नव्हता. मी दोन लिहिलं."

"का पण?"

"बरं दिसतं म्हणून."

"लोकांच्या बांधाचा कधी एक इंच इकडचा तिकडे होऊ दिला नाहीत हो तुम्ही," वीणाताई म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

नाझनीननं सिरिंज ताटलीत ठेवली. जुईचं रक्त रत्नागिरीला पाठवता येईल, पण अहवाल उद्या दुपारी. तोवर मूत्रपिंडं धीर धरणार नाहीत. औषध न द्यावं तर जुनी सलाइनं आणि डायलिसिस. वाचण्याची शक्यता आठ आण्यांची. द्यावं आणि पोरगी तिसऱ्या कन्येच्या वंशातली निघावी, तर आधी कान आणि मग...

"मला सोमवारी दिलंय," गौरी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"सकाळी सहाला. दुसऱ्या तुकडीत छावणीवाल्यांना सगळ्यात आधी दिलं ना, तेव्हा." शाळेचं वेळापत्रक सांगावं तशी ती बोलत होती. "जे जुईत आहे ते माझ्यात आहे. त्या सहा जणांचे कान किती तासांनी गेले?"

नाझनीननं मनाशी हिशेब केला. "सगळ्यात लवकर पंचावन्न. सगळ्यात उशिरा अठ्ठावन्न."

गौरीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाऊण वाजला होता. "माझे पंचावन्न एक वाजता होतात. चारला अठ्ठावन्न. मी पावणेपाचपर्यंत बसते. मला ऐकू येत राहिलं तर जुईला टोचा. नाही आलं तर टोचू नका. रत्नागिरी कशाला हवी?"

"आणि तुझं हृदय?" वीणाताईंनी विचारलं.

"आई, ते टोचून झालंय. त्याचा विचार करून ते बाहेर येणार आहे का?"

शिरीषरावांना सवयीनं दोन रकाने दिसले. लेकीचे कान शाबूत, तर लेकही शाबूत आणि नातीला औषधही. लेकीचे कान गेले, तर लेकीचं हृदय टांगणीला आणि नात लेप्टोच्या तोंडी. सगळं जमेचं एका बाजूला आणि सगळं वजाबाकीचं दुसऱ्या बाजूला. मोजणीत अशी हद्द त्यांनी कधी पाहिली नव्हती, जिच्या मधोमध पाय ठेवायलाही जागा नाही.

*

कान तपासायचं यंत्र पुरात गेलं होतं. नाझनीननं जुनी पद्धत सांगितली : पाठीमागे हातभर अंतरावर उभं राहायचं आणि एकेक शब्द कुजबुजायचा. ऐकणाऱ्यानं तो परत म्हणायचा. ओठ दिसता कामा नयेत. जोरात बोलायचं नाही, काही झालं तरी.

गौरी जुईच्या खाटेशेजारी, फळ्याकडे तोंड करून स्टुलावर बसली. कुजबुजायचं काम शिरीषरावांनी मागून घेतलं. नाझनीनला इतर खाटा होत्या, आणि वीणाताईंना एवढ्या हळू बोलायची सवय नव्हती.

दर दहा मिनिटांनी पाच शब्द. सुचेना तेव्हा ते तोंडात बसलेलंच म्हणायला लागले.

"विश्वनाथ."

"विश्वनाथ."

"नारायण."

"नारायण."

"आजोबा, तुम्ही हजेरी घेताय का?" जुईनं विचारलं. ताप वाढत होता तशी तिची बडबड तुटक होत होती. शिरीषराव हसले, आणि हसताना आपल्या जबड्याचा आवाज त्यांना ऐकू आला.

एक वाजला. पंचावन्न. दोन वाजले. तीन. प्रत्येक वेळी शब्द सोडला की तो परत येईपर्यंत जो वेळ जाई, तो शिरीषराव मोजत. आधी निमिषभर होता. आता किंचित जास्त झाला का? की आपणच श्वास धरून आहोत म्हणून तसं वाटतंय? एकदा गौरीनं 'महादेव'चं 'वासुदेव' म्हटलं आणि वीणाताईंनी खाटेची दांडी पकडली. पण पुढचे चार शब्द चोख आले. बाहेर ट्रॅक्टर गेला होता तेव्हा.

चार वाजले. अठ्ठावन्न. गौरीनं पाचही शब्द म्हटले.

नाझनीन येऊन उभी राहिली. बर्फाच्या डब्यातून नवी कुपी काढून तिनं ती तळहातावर धरली, ऊब यायला. वीणाताई मान फिरवून रडायला लागल्या. सुटल्यासारखं, आवाज न करता.

"अजून पाऊण तास," गौरी म्हणाली. "ठरलं ते ठरलं. आणि बाबा, पुरे झाले हो तुमचे पुरुष. तुमच्याकडे बाईमाणूस नाही का एकही?"

शिरीषरावांना खरोखरच एकही आठवेना. त्यांनी वीणाताईंकडे पाहिलं. वीणाताईंनी नाक पुसलं आणि बोटं वर करून दाखवली. मधलं बोट, तर्जनी, अंगठा.

चार वाजून दहा मिनिटं. आता पाळीला एकच नाव. "कुमुद."

"कुमुद," गौरी म्हणाली. "बरं वाटलं."

चार वीस. "यमुना."

"यमुना."

साडेचार. "अंबू."

"अंबू." जरा वेळानं आलं, पण आलं.

चार चाळीस. नाझनीननं सिरिंज उघडली. शेवटची पाळी. शिरीषराव वाकले, आणि अडले. अंबूच्या आईला नाव नव्हतं. त्यांच्या पुस्तकात नव्हतं, वीणाताईंच्या बोटांवर नव्हतं. सुचलं असतं एखादं. लक्ष्मी, सरस्वती, रमा, काहीही. त्या काळात दुसरी नावं होती कुठं? त्यांनी ते मोहानं जिभेवर येऊ दिलं आणि गिळलं. मग जेवढं ठाऊक होतं तेवढंच म्हटलं.

"तवसाळची."

गौरी बसून राहिली.

त्यांनी पुन्हा म्हटलं. तेवढ्याच अंतरावरून, तेवढ्याच आवाजात. मग तिसऱ्यांदा, नियम मोडून, जरा मोठ्यानं. पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं मान वर केली.

"हं, म्हणा ना बाबा," गौरी म्हणाली. "थांबलात का?"

जुईनं पिवळे डोळे उघडले. "आई, म्हणाले ना आजोबा. तवसाळची."

नाझनीननं सिरिंज परत कागदात गुंडाळली आणि डायलिसिसच्या यंत्राकडे धावली. वीणाताई उठून जुईच्या उशाशी गेल्या. गौरी फळ्याकडे तोंड करून, मान जराशी कलती ठेवून, पुढच्या शब्दाची वाट पाहत होती.